रिपोर्ट आला होता, वाचला कुणीच नव्हता: आरोग्य विभागाला एक खुलं पत्र

मा. आरोग्यमंत्री, आरोग्य सचिव आणि सार्वजनिक आरोग्य विभागातले सगळे अधिकारी,

नमस्कार.

मी विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी लॅब टेक्निशियन आहे. डीएमएलटी करून अकरा वर्षं झाली, रोज चाळीस-पन्नास जणांचं रक्त काढते, मशीनला लावते, रिपोर्ट छापून देते. पत्रबित्र लिहायची मला सवय नाही पण गेले वर्षभर हे मनात घोळतंय आणि आता लिहूनच टाकते. माझ्या धाकट्या बहिणीचा रिपोर्ट चार दिवस एका फाइलमध्ये पडून होता. त्यात सगळं स्पष्ट लिहिलेलं होतं. तो कुणी उघडून बघितला नाही आणि पाचव्या रात्री तिला झटके आले. गरोदरपणातला प्रीएक्लॅम्प्सिया नावाचा आजार हा, त्यात बहुतेकदा बीपी वाढतं आणि फार पुढे गेलं की झटके येतात.

तिला आम्ही घरी छोटी म्हणतो. वय २४, पहिलटकरीण. सातवा लागला म्हणून आम्ही तिला माहेरी आणलं, डोहाळजेवण केलं, कासारीण घरी येऊन हिरव्या बांगड्या भरून गेली. बांगड्या अगदी सहज चढल्या होत्या, उलट कासारीण म्हणाली की अजून एक माप लहान चाललं असतं. बारा दिवसांनी त्याच बांगड्या मनगटाच्या वर सरकेनात, काचेचा वळ कातडीत रुतलेला दिसायचा. सकाळी उठली की डोळ्यांच्या पापण्या सुजलेल्या. आई म्हणाली सातव्या-आठव्यात सूज येतेच. शेजारच्या काकूही तेच म्हणाल्या. आणि खरं सांगते, मीही तेच म्हणाले, म्हटलं मिठाचं कमी खा आणि पाय उशीवर ठेवून झोप.

९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाचा दिवस असतो म्हणून तिला सरकारी केंद्रावर नेलं. बायकांची रांग दारापर्यंत. बीपी भरलं १३६/८८. लघवीच्या पट्टीवर प्रोटीन ट्रेस. १४०/९० च्या आत आहे म्हणून कार्डावर लिहून टाकलं आणि पुढची बाई आली. छोटीने सांगितलं की उजव्या बरगडीखाली दुखतंय आणि डोकं जड वाटतंय, तर ॲसिडिटीची गोळी मिळाली. पण तिथल्या सिस्टरना काहीतरी वाटलं असणार, कारण त्यांनी सीबीसी, लिव्हर आणि क्रिएटिनिनसाठी रक्त काढून पाठवलं. त्या सिस्टरचे मी आजही आभार मानते, त्यांचा अंदाज बरोबर होता.

तिच्याच कार्डावर तिसऱ्या महिन्यातलं बीपी होतं १००/६४. म्हणजे खालचा आकडा ६४ वरून ८८ वर गेला होता. नियमात ८८ बसतं, पण त्या बाईला ८८ म्हणजे किती वाढलंय हे त्याच कार्डाचं एक पान मागे उलटलं असतं तरी कळलं असतं.

रक्ताचा रिपोर्ट दुसऱ्याच दिवशी तयार झाला. प्लेटलेट १ लाख ५ हजार. एसजीओटी ९२. गर्भार नसलेल्या माणसाचा असा रिपोर्ट मी केला असता तरी थांबून पुन्हा बघितला असता. तीस आठवड्यांच्या गरोदर बाईच्या प्लेटलेट कमी, लिव्हरचं एन्झाइम दुपटीच्या वर आणि बरगडीखाली दुखणं, हे तिन्ही एकत्र आलं की बीपी कितीही असू दे, धावत सुटायचं असतं. हे आजारपण काही जणींत बीपी फारसं न वाढताच वाढत जातं. पण रिपोर्टवर जो मोबाइल नंबर होता तो जावयांच्या जुन्या सिमचा, बंद पडलेला. प्रिंट फाइलला लागली. पुढची तारीख पुढच्या महिन्याची होती. आणि मी घरात लॅबवाली असून विचार केला की सरकारीत रक्त दिलंय, काही असेल तर कळवतीलच. माझ्या लॅबमध्ये हीच तपासणी तासाभरात झाली असती. हे माझ्या मनातून जाणार नाही.

१४ तारखेला रात्री अडीच वाजता तिला झटके आले. दात आवळलेले, डोळे वर, तोंडातून फेस. आईने ओळखलं, कारण माझ्या जन्माच्या वेळी तिला स्वतःला असंच झालं होतं, तिच्या आईने तिला नंतर सांगितलेलं. १०८ ला फोन केला, गाडी आली, ग्रामीण रुग्णालयात नेलं. तिथे डॉक्टर यायच्या आधी ड्युटीवरच्या नर्सताईंनी मॅगसल्फची इंजेक्शनं दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम दिली आणि मगच पुढे पाठवलं. हे मुद्दाम लिहितेय. २००२ साली मॅगपाय नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, ३३ देशांतल्या दहा हजारांवर बायका त्यात होत्या, आणि त्यात दिसलं की या साध्या मॅग्नेशियमच्या औषधाने झटक्यांचा धोका निम्म्याहून जास्त कमी होतो. ते ज्ञान आपल्या सरकारने खालच्या नर्सपर्यंत पोचवलं, तिला ते द्यायचा अधिकार दिला, म्हणून माझी बहीण जिवंत आहे. म्हणजे आपल्याला हे जमतं. जमत नाही असं कुणी मला सांगू नका.

जिल्ह्याच्या ठिकाणी पोचेपर्यंत प्लेटलेट ६१ हजारांवर आल्या होत्या. सिझेरियन झालं. मुलगी, १ किलो ६० ग्रॅम. अडतीस दिवस एनआयसीयूत. ती आता घरभर फिरते आणि दिसेल ते तोंडात घालते, छोटीची बीपीची गोळी मात्र अजून चालू आहे.

तर माझं मागणं काय आहे ते आधी सरळ सांगते. बीपीचा संशय असलेल्या गरोदर बाईचं रक्त ज्या दिवशी काढलं त्याच दिवशी तपासून त्याच दिवशी कुणीतरी जबाबदार माणसाने वाचलं पाहिजे, आणि वाकडं काही दिसलं तर तिच्यापर्यंत माणूस पोचला पाहिजे, एसएमएस नव्हे. एवढं झालं की मग या आजारासाठी जगात ज्या नव्या रक्ततपासण्या आल्यात त्या आपल्या जिल्हा आणि स्त्री रुग्णालयांत आणायचा विचार करा. क्रम हाच ठेवा. नवी मशीन आली आणि रिपोर्ट पुन्हा फाइललाच लागला तर काहीच बदलणार नाही.

छोटीच्या नंतर मी या आजाराबद्दल जे मिळेल ते वाचत गेले, ओळखीच्या डॉक्टर मॅडमना विचारत गेले. थोडं तुमच्यासमोर मांडते कारण ही फाइल ज्यांच्या टेबलावर येईल ते सगळेच डॉक्टर असतील असं नाही.

या आजाराचं मूळ हृदयात किंवा किडनीत नसतं, ते वारेत म्हणजे प्लासेंटात असतं. वार गर्भाशयात नीट रुजली नाही, तिला रक्त नेणाऱ्या नळ्या पुरेशा रुंद झाल्या नाहीत, की वार उपाशी राहते आणि आईच्या रक्तात काही प्रथिनं सोडायला लागते. त्यातलं एक एस-एफएलटी-१. आणि पीएलजीएफ म्हणून दुसरं एक प्रथिन असतं जे रक्तवाहिन्यांना निरोगी ठेवतं, ते वारेतूनच येतं. वरच्या शेतकऱ्याने पाट अडवला की खालच्याचं शेत सुकतं ना, तसं एस-एफएलटी-१ हे पीएलजीएफला वाटेतच अडवून धरतं, ते रक्तवाहिन्यांपर्यंत पोचतच नाही. मग त्या आवळतात, बीपी वाढतं, किडनीतून प्रोटीन गळतं, लिव्हरला सूज, प्लेटलेट खर्ची पडतात, मेंदूपर्यंत गेलं की झटके. हे ज्यांनी उलगडून दाखवलं त्या टीमचे प्रमुख डॉ. अनंत करुमांची, मूळचे तमिळनाडूचे, तेव्हा बोस्टनला काम करणारे. २००३ मध्ये त्यांच्या टीमने उंदरांमध्ये एस-एफएलटी-१ वाढवून दाखवलं तर त्यांना गर्भारपणातलं हेच आजारपण झालं. पुढच्याच वर्षी अजून एक गोष्ट कळली, की बाईला त्रास दिसायच्या साधारण पाच आठवडे आधीपासून रक्तात हे प्रथिन चढायला लागतं.

पाच आठवडे! मी हे वाचलं तेव्हा कॅलेंडर काढून मागे मोजलं. छोटीचे झटके १४ तारखेचे. पाच आठवडे मागे गेलं तर ती अजून सासरीच होती, डोहाळजेवण ठरायचं होतं, आणि कदाचित तेव्हाच रक्त बोलायला लागलं होतं.

या दोन प्रथिनांचं गुणोत्तर काढायची तपासणी आता आहे. २०१६ साली १४ देशांतल्या बायकांवरचा एक अभ्यास आला, संशय होता पण आजार पक्का नव्हता अशा बायकांवर. गुणोत्तर ३८ किंवा त्याच्या आत असेल तर पुढच्या आठवड्याभरात हा आजार होणार नाही असं १०० पैकी ९९ हून जास्त वेळा बरोबर ठरलं. उलट्या बाजूने मात्र तपासणी इतकी पक्की नाही. ३८ च्या वर असलेल्यांपैकी चार आठवड्यांत साधारण ३७ टक्के बायकांनाच आजार झाला. म्हणजे ही तपासणी 'नाही' फार चांगलं सांगते आणि 'हो' म्हणते तेव्हा फक्त डोळ्यात तेल घालून बघायला सांगते. आपल्याकडे हे 'नाही'च किती कामाचं आहे याचा विचार करा. पाय सुजलेत, बीपी काठावर आहे म्हणून मेळघाटातल्या किंवा नंदुरबारच्या पाड्यावरच्या बाईला शहरात पाठवायचं, तिचा नवरा मजुरी सोडून सोबत जाणार, मोठी पोरं शेजाऱ्यांकडे, चार दिवस व्हरांड्यात काढून 'काही नाही, घरी जा' ऐकून परत. पुढच्या वेळी खरंच काही झालं तर ती जाणारच नाही. तिला पहिल्याच दिवशी खात्रीने सांगता आलं असतं की आठवडाभर निर्धास्त राहा, पुढच्या आठवड्यात पुन्हा ये, तर तिचा विश्वास टिकला असता आणि खाट तिला मिळाली असती जिला खरंच गरज आहे.

इंग्लंडमध्ये ११ प्रसूतिगृहांत हजारावर बायकांमध्ये पीएलजीएफची तपासणी करून बघितली. २०१९ साली निकाल छापून आला. निदानाला जिथे मधला वेळ ४.१ दिवस लागायचा तिथे १.९ दिवसांवर आला आणि आईला होणारे गंभीर त्रास कमी झाले. बाळांमध्ये फरक दिसला नाही, तेही लिहायलाच हवं, मी काही विकायला बसलेली नाही. तिथल्या राष्ट्रीय संस्थेने या तपासण्या वापरायची शिफारस केली आहे आणि अमेरिकेनेही २०२३ मध्ये अशा तपासणीला मान्यता दिली. छोटीच्या प्रकरणात ४.१ आणि १.९ मधला फरक म्हणजे झटके येण्याआधी आणि झटके आल्यानंतर, मला तो आकडा असाच दिसतो.

आता आपल्याकडची परिस्थिती. मोठ्या शहरांतल्या खासगी लॅबमध्ये ही तपासणी होते, काही हजार रुपये लागतात, आणि आमच्यासारख्या गावातून सॅम्पल कुरियरने पाठवावं लागतं. ज्या तपासणीचं उत्तर आजच्या आज हवं ती तीन दिवसांनी येऊन काय उपयोग. म्हणून म्हणते की मशीन जिल्ह्यालाच हवं. आणि ३८ हा आकडा डोळे झाकून घेऊ नका. आपल्या बायका बारीक असतात, रक्त कमी असतं, दिवस किती गेलेत हे बऱ्याच जणींचं पक्कं नसतं, तर हा आकडा आपल्याकडे किती लागू पडतो ते आपणच तपासलं पाहिजे. ते आपल्याला जमेल का? जमेल. नागपूरच्या मेडिकलमध्ये आणि डागा रुग्णालयात, दोन्ही सरकारी, गरोदरपणात बीपी १६०/११० च्या पुढे गेलेल्या ८९४ बायकांवर अभ्यास झाला, नुसत्या तोंडाने घ्यायच्या गोळ्यांनी बीपी खाली येतं का हे बघायला. निफेडिपिन, लॅबेटॅलॉल, मिथाइलडोपा, तिन्ही स्वस्त. तिन्हींत तीन चतुर्थांशाहून जास्त बायकांचं बीपी सहा तासांत आटोक्यात आलं, निफेडिपिन सगळ्यात पुढे. २०१९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं ते. जिथे सलाइन लावायला, इंजेक्शन द्यायला माणूस नाही तिथे गोळीने काम भागतं हे जगाला आपल्या नागपूरने दाखवलं. तीच माणसं, तेच वॉर्ड, पीएलजीएफचा अभ्यास त्यांच्याकडे द्या ना.

आता माझ्या कामाचं बोलते, म्हणजे आज उपलब्ध असलेल्या जुन्या तपासण्यांचं, ज्यांना नवीन काहीच लागत नाही. सीबीसी, एसजीओटी, क्रिएटिनिन, युरिक ॲसिड, एलडीएच. यातली एकही महाग नाही. राज्यात महालॅबची योजना आहे, प्राथमिक आरोग्य केंद्रांवरून सॅम्पल गोळा होतात, मोफत तपासले जातात, ही फार मोठी सोय आहे आणि ती सुरू केली त्यांचं कौतुकच आहे. पण गरोदर बाईची जांभळ्या बुचाची नळी आणि साखरेच्या नेहमीच्या पेशंटची नळी एकाच रॅकमध्ये, एकाच वेगाने जाते. तिला वेगळा रंग द्या. उच्च जोखमीच्या मातेच्या कार्डावर तुम्ही लाल स्टिकर लावताच, तोच लाल स्टिकर नळीवर लावा आणि नियम करा की लाल नळी आली की आधी ती मशीनला.

एक गोष्ट फक्त लॅबवाल्यांनाच दिसते ती सांगते. रक्त सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं की पेशी खाली बसतात आणि वर सिरम राहतं, फिकट पिवळं, लिंबाच्या सरबतासारखं. सुई बारीक असली, सिरिंज जोरात ओढली, नळी खड्ड्यांतून हादरत आली तर लाल पेशी फुटतात आणि सिरम गुलाबी होतं. आम्हाला शिकवलेलं असतं की गुलाबी सिरम म्हणजे सॅम्पल खराब, 'हिमोलाइज्ड' लिहायचं आणि नवीन मागवायचं, कारण एलडीएच, एसजीओटी सगळं खोटं वाढलेलं येतं. बरोबरच आहे ते. पण या आजाराचा एक भयंकर प्रकार आहे, हेल्प सिंड्रोम म्हणतात, त्यात पेशी बाईच्या अंगातच फुटत असतात. तिचं सिरम गुलाबी येणार कारण तिचं रक्तच तसं झालंय. आणि टेक्निशियन सॅम्पल परत पाठवणार, नवीन नळी उद्या येणार, तीही गुलाबी. दोन दिवस तिथेच गेले. म्हणून गरोदर बाईचं सिरम गुलाबी दिसलं तर परत पाठवायच्या आधी फोन करायचा, विचारायचं की बीपी किती आहे, पोटात वर दुखतंय का, आणि स्लाइड करून तुकडे पडलेल्या पेशी दिसतात का बघायचं. प्लेटलेटचंही तसंच. मशीन कमी दाखवतं तेव्हा कधी कधी नळीतच प्लेटलेटचे गठ्ठे झालेले असतात, तेव्हा स्लाइड बघितल्याशिवाय घाबरवायचंही नाही आणि सोडायचंही नाही. हे आमच्या प्रशिक्षणात घाला. एका दुपारचं काम आहे, बोलवाल तिथे मी शिकवायला येईन.

बीपीचं यंत्र आणि पट्टा यांवरही लिहावंसं वाटतं कारण सगळं तिथून सुरू होतं. बाई तीन किलोमीटर चालून आली, रांगेत उभी राहिली, टेबलाशी आली की लगेच पट्टा गुंडाळायचा, तिच्याशी बोलता बोलता आकडा लिहायचा, यातून कधी खोटं जास्त येतं तर कधी पट्टा मोठा असला की खोटं कमी. पाच मिनिटं बसू दे तिला, पाठ टेकू दे, हात छातीच्या उंचीला ठेवा, तिच्या दंडाच्या मापाचा पट्टा लावा. ९ तारखेला गर्दी असते मान्य आहे, पण मग दोन खुर्च्या जास्त टाका.

आणि एक प्रश्न जो छोटीला कुणी विचारला नाही, तुझ्या आईला बाळंतपणात बीपी किंवा झटके आले होते का. या एका प्रश्नाला पैसा लागत नाही. पहिलं बाळंतपण आणि आईला हाच त्रास झालेला, एवढ्या दोन गोष्टी जुळल्या तर इंग्लंडच्या नियमांप्रमाणे बाराव्या आठवड्यापासून डॉक्टर ॲस्पिरिनची छोटी गोळी सुरू करतात. २०१७ साली आलेल्या ॲस्प्रे नावाच्या अभ्यासात पहिल्या तीन महिन्यांतच बीपी, डॉपलर (गर्भाशयाच्या रक्तप्रवाहाची सोनोग्राफी) आणि रक्तातलं पीएलजीएफ व पॅप-ए (वारेतून येणारं अजून एक प्रथिन) बघून जोखमीच्या १७७६ बायका निवडल्या, निम्म्यांना रात्री १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिलं, निम्म्यांना नुसती दिसायला तशीच गोळी. ३७ आठवड्यांच्या आत बाळ काढावं लागेल असा आजार ॲस्पिरिन घेणाऱ्यांत १.६ टक्के, दुसऱ्या बाजूला ४.३. गोळीची किंमत रुपया-दोन रुपये. शहरातल्या बायका तिसऱ्या महिन्यात डबल मार्कर नावाची रक्ततपासणी करतात, त्याच रिपोर्टमध्ये पॅप-ए असतं, पण ते फक्त बाळाच्या गुणसूत्रांसाठी वाचलं जातं. ते फार कमी असेल तर वारेकडेही लक्ष द्यायचं असतं, त्याच नळीतल्या रक्तावर पीएलजीएफही होऊ शकतं. गावातल्या बाईला डबल मार्कर परवडणार नाही, ठीक आहे, पण आईबद्दलचा प्रश्न तरी माता-बाल संरक्षण कार्डावर ठळक छापा. (हे वाचणाऱ्या बायांनो, ॲस्पिरिन मनाने घेऊ नका, डॉक्टरांना विचारा, पण विचारा नक्की.)

बाळंत झाली म्हणजे सुटली असंही नाही. वार पडली की आजार उतरायला लागतो हे खरं, पण बीपी बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसात सगळ्यात वर जाऊ शकतं, आणि नेमकं तेव्हाच बाई घरी सोडलेली असते, शेक-शेगडी चालू असते, सगळ्यांचं लक्ष बाळाकडे. छोटीचं पाचव्या दिवशी १५८/१०० होतं, ती एनआयसीयूच्या बाहेर बाकावर बसून दूध काढत होती म्हणून कुणाच्या तरी लक्षात आलं. आशाताई तिसऱ्या आणि सातव्या दिवशी घरी येतातच, त्यांच्या पिशवीत बाळाचा वजनकाटा असतो, थर्मामीटर असतो. आईचं बीपी बघायचं यंत्र द्या त्यात, गरोदरपणातही चालतं अशी खात्री झालेलं द्या, आणि त्याबद्दल त्यांना वेगळा मोबदलाही द्या, फुकटात अजून एक काम नको.

आपल्या राज्याचा मातामृत्यूचा आकडा २०१८-२० मध्ये लाखामागे ३३ होता, देशाचा तेव्हा ९७. चांगलं काम झालंय, मी नाकारत नाही. पण जी मेली नाही ती या आकड्यात येत नाही. माझी बहीण त्या आकड्यात नाही. तिची अडतीस दिवसांची काचेमागची पोर नाही, पंचविशीत लागलेली बीपीची गोळी नाही, आणि दुसऱ्या बाळाचं नाव काढलं की तिचा चेहरा कसा होतो तेही नाही.

गेल्या महिन्यात माझ्या लॅबमध्ये एक नळी आली. लेबलवर डॉक्टरांनी पेनाने लिहिलं होतं '३१ आठवडे, बीपी १४०/९०'. मी हातातलं सगळं बाजूला ठेवून ती लावली. प्लेटलेट ९२ हजार. स्लाइड केली, गठ्ठे नव्हते, खरंच कमी होत्या. सिरम फिरवलं तर हलकं गुलाबी. प्रिंट काढायच्या आधी मी डॉक्टरांना फोन केला, त्यांनी उचलला नाही, परत केला, मग त्यांच्या कंपाउंडरच्या नंबरवर केला. बाई बसस्टँडवर पोचली होती, पाटीत भाजी घेऊन. कंपाउंडर मोटरसायकलवर जाऊन तिला परत घेऊन आला. रक्त काढल्यापासून ती गाडीत बसून जिल्ह्याला निघेपर्यंत एक तास चाळीस मिनिटं लागली, मी घड्याळ बघितलं होतं. तिला झटके आले नाहीत. बाळ दीड किलोचं आहे.

त्या दिवशी आमच्याकडे कुठलंही नवीन मशीन नव्हतं. लेबलवर दोन ओळी होत्या, एक फोन नंबर चालू होता आणि एका माणसाकडे मोटरसायकल होती. हे माझ्या एका लॅबमध्ये योगायोगाने झालं, तुम्ही ते प्रत्येक तालुक्यात नियम म्हणून करू शकता. लाल नळी, त्याच दिवशी रिपोर्ट, दोन चालू फोन नंबर, त्यातला एक आशाताईंचा, आणि रिपोर्ट वाचला म्हणून सही करणारा एक माणूस. येत्या ९ तारखेपासून एखाद्या जिल्ह्यात तरी सुरू करून बघा. आमच्या तालुक्यात करणार असाल तर मी रविवारीही लॅब उघडी ठेवीन.

आपली,
एक लॅब टेक्निशियन, छोटीची ताई